एक मापटं, एक चिपटं

अंदर मावळातल्या त्या घरात भाताच्या कणगीशेजारी मापांची रांग असायची. पायली, अडशिरी, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, नेळवं. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. शेजारीण तांदूळ उसने न्यायला आली की आजी एक मापटं भरून ओतायची, वर एक चिपटं, आणि नातीला सांगायची, "पाऊण शेर गेले गं, ध्यानात ठेव." आजीला अक्षर येत नव्हतं. मापट्यात दोन चिपटी मावतात, तेव्हा ही तीन चिपटी झाली, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं.

ही नात पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. १९८४ ते २०२० अशी छत्तीस वर्षं मावळातल्या वाड्यावस्त्यांवर तिने गणित शिकवलं. लोक तिला नुसतं 'बाई' म्हणत. इथेही तेवढंच पुरे.

गंमत अशी की आजीची ती बेरीज शाळेत फळ्यावर १/२ + १/४ होऊन आली, तेव्हा नातीला ती ओळखू आली नाही. छेद समान करा, लसावि काढा, अंशाला गुणा. तिने ते पाठ केलं, पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि नोकरीची पहिली काही वर्षं मुलांकडूनही तसंच पाठ करून घेतलं.

मुलं तिला उत्तर द्यायची १/२ + १/३ = २/५. वरची वरच्यात, खालची खालच्यात. ही चूक काही मावळातलीच नव्हे. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा नुसता अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही संख्या एकाच्या जवळपास, म्हणजे बेरीज दोनाच्या आसपास. तरी २ हे उत्तर निवडणारी मुलं फक्त २४ टक्के निघाली. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं.

बाई चिडायच्या, लाल शाईने फुली मारायच्या. एके दिवशी पाचवीतला एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, तुम्हीच तर अशी बेरीज करता." त्याने आपल्या दोन चाचण्यांचे कागद पुढे केले. एकावर ७/१०, दुसऱ्यावर ८/१०, आणि बाईंच्याच अक्षरात एकूण १५/२०.

त्या दिवशी बाईंना उत्तर सुचलं नाही. पोरगा बरोबरच बोलत होता. गुणांच्या बेरजेत दुसरा पेपर आला की 'पूर्ण'ही वाढतं, दहाचे वीस होतात. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण एकच राहतं, मग ती भाकरी असो की शेर. त्याच सात दशांशात आठ दशांश मिळवले तर पंधरा दशांश होतील, म्हणजे दीड पेपर. खूण तीच, तिरप्या रेघेची, पण अर्थ दोन. आणि आपण दोन्ही एकाच वहीत लिहितो, हे शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. उत्तर शोधायला बाईंना माहेरच्या माळ्यावर चढावं लागलं. मापटं आणि चिपटं तिथे गंजत पडली होती.

वर्गात तांदूळ ओतून झाले. मापट्यात चिपटं मिळवलं तर 'दोन' काय? दोन मापटी नव्हेत, दोन चिपटीही नव्हेत. आधी सगळं चिपट्यांत बोला, मग मोजा. छेद समान करणं म्हणजे एवढंच, एका मापात बोलणं.

मराठी मुलाच्या कानात हे अपूर्णांक शाळेआधीच पोचलेले असतात. सव्वापाचमध्ये बेरीज आहे, पावणेसातमध्ये वजाबाकी. पाऊण हा शब्दच मुळात 'पादोन', पाव कमी. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरं अर्धं. बाईंच्या वडिलांना पावकी, निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, सगळं तोंडपाठ होतं. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेराच्या जागी किलो आला आणि ते पाढे शाळेतून ओसरले. पाव रुपयाचं नाणंही ३० जून २०११पासून चलनातून गेलं. 'चाराणे' हा शब्द मात्र अजून टिकून आहे.

पण मापट्याच्या प्रेमात फार वाहवत जाऊ नये. ही मापं निम्म्याने उतरतात, त्यांत तिसरा हिस्सा नाहीच. १/३ आणि १/४ मिळवायचे तर कोळव्या-नेळव्याने काम भागत नाही. तिथे बाईंच्या मदतीला लोणावळ्याचं नाव घेऊन चिक्की आली. दुकानातली चिक्की मनाला येईल तशी तुटते, म्हणून त्या घरीच गूळदाणे लाटून गरम असतानाच सुरीने तीन ओळी, चार रांगा पाडायच्या. बारा तुकडे. तिसरा हिस्सा म्हणजे चार, पाव म्हणजे तीन. मिळून सात, फरक एकाचा. बाराच का, हे मग मुलं आपणहून सांगायची.

भास्कराचार्यांच्या ११५०च्या 'लीलावती'तलं भुंग्यांचं गणित तर पटावर पंधरा मुलं असलेल्या वस्तीशाळेत अंगणातच झालं. थव्याचा पाचवा हिस्सा एका झाडाकडे, तिसरा हिस्सा दुसरीकडे, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुड्याकडे, आणि एक भुंगा मधेच घिरट्या घालत. तीन, पाच, सहा पोरं पळाली. उरलेली एक पोरगी हात पसरून गोल फिरत राहिली. १/५ आणि १/३ यांचा फरक २/१५, हे तिला पुन्हा समजवावं लागलं नाही.

निवृत्तीनंतर बाई शेजारच्या मुलांना शिकवतात. चिपटं आता एकच उरलंय, त्याचंही बूड गळतं. तुमच्या घरी मापटं-चिपट्याची जोडी पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. जवळच्या शाळेत पाचवीच्या वर्गात नेऊन द्या, सोबत दोन शेर तांदूळही.