दोन गोलांची आघाडी

आमच्या बीड जिल्ह्यांत फुटबॉलचे भक्त किती, असें कोणी विचारलें तर मोजावयास हाताचीं बोटें पुरतील. येथील मुलगा पायांवर उभा राहिला कीं कबड्डी खेळतो, थोडा वाढला कीं तालमींत जातो, आणि क्रिकेट तर घरोघर चाललेलेंच असतें. धांवण्यांत मात्र आम्ही कोणास हार जाणारे नव्हेत. आष्टी तालुक्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें, तेव्हांपासून आमच्या शाळेंतील प्रत्येक पोर स्वतःस साबळेच समजतें. पण फुटबॉल? मैदान मुरमाचें, तेंही उन्हानें भाजून निघालेलें. पडलें कीं गुडघ्याचें सालटें गेलेंच. अशा प्रांतांत आम्ही पांचसहा वेडे एकत्र सांपडलों, हेंच नवल.

२०२४ सालच्या एप्रिल महिन्याची २४ तारीख होती. परीक्षा आटोपत आल्या होत्या. मे महिन्याच्या १३ तारखेस मतदान व्हावयाचें असल्यामुळें दिवसभर निवडणुकीच्या कामाचे धडे गिरवून आम्ही मास्तरमंडळी शिणलों होतों. रात्रीं वसतिगृहाच्या ओसरीवर एकाच मोबाईलभोंवतीं सारे बसलों. इंडियन सुपर लीगच्या उपान्त्य फेरींतील पहिला सामना मडगांवच्या फातोर्डा मैदानावर चालला होता; एका बाजूस एफसी गोवा, दुसऱ्या बाजूस मुंबई सिटी. आमच्यांत एक बँकेचे अधिकारी आहेत, ते मूळचे मडगांवचे. त्यांचा पक्ष कोणता हें सांगणें नलगे. विज्ञानशिक्षकांचे थोरले बंधु भांडुपास राहतात, एवढ्याच नात्यानें ते मुंबईचे कट्टर अभिमानी. क्रीडाशिक्षक जुने पैलवान. जगांतील सर्व खेळ कुस्तीच्या मापानें मोजण्याची त्यांस खोड आहे. ओसरीच्या टोकाशीं आमचा एक जुना विद्यार्थी, झोंपलेल्या मुलाचें डोकें मांडीवर घेऊन, बसला होता. त्याजविषयीं पुढें सांगूं.

सोळाव्या मिनिटास बोरिस सिंगनें गोव्याचा पहिला गोल केला. छप्पन्नाव्या मिनिटास ब्रँडन फर्नांडिसनें दुसरा केला. ब्रँडन हा मडगांवचाच. मग काय विचारतां! साहेबांनीं उत्साहाच्या भरांत सर्वांस चहा सांगितला. नव्वद मिनिटें होत आलीं तरी आंकडा दोन-शून्य असाच होता. विज्ञानशिक्षक झोंपावयास जाण्यासाठीं उठलेही होते. तोंच मुंबईच्या लालियानझुआला छांगतेनें एक गोल चढविला. लगेच पुढच्या मिनिटास विक्रम प्रताप सिंगनें बरोबरी साधली. आणि वाढीव वेळेच्या सहाव्या मिनिटास पुन्हां छांगते! मुंबई तीन, गोवा दोन. चहा आला तेव्हां तो कोणीं प्यावा हाच प्रश्न पडला.

मग वादास जें तोंड लागलें तें बारा वाजून गेले तरी मिटेना. साहेब म्हणाले, "अहो, दोन गोल पदरांत असतांना घराचें दार लावून बसलें कीं पाहुणा ठोठावीतच राहणार. आपण पुढें गेलें पाहिजे होतें." क्रीडाशिक्षकांनीं पाठिंबा दिला, "पालथा पडून राहिलेला मल्ल गुण वांचवितो खरा, पण दम त्याचाच आधीं जातो." विज्ञानशिक्षकांस हें मान्य नव्हतें. एप्रिलचा उकाडा, दीड तासाची धांवपळ; पाय थकले, गोल झाले; यांत डावपेंचांचा दोष काय, असें त्यांचें म्हणणें.

तेव्हां साहेबांनीं मोठी तोफ काढली. "२०२२ चा विश्वचषक आठवा. लुसैलच्या मैदानावरील अंतिम सामना. अर्जेंटिनाचे दोन गोल, फ्रान्सचा एकही नाहीं. सारा खेळ डाव्या बगलेवरून डि मारियाच्या पायांनीं चाललेला. त्यास चौसष्टाव्या मिनिटास बाहेर काढलें आणि बचावाचा अकुन्या आंत घातला. पुढें काय झालें? ऐंशीव्या मिनिटास एम्बापे, एक्यांशीव्या मिनिटास पुन्हां एम्बापे!"

"पण साहेब, शेवटीं जिंकलें कोण?" विज्ञानशिक्षकांनीं विचारलें.

या एका प्रश्नानें किती वाद बुडाले असतील! अर्जेंटिना पेनल्टींवर चार-दोन अशी जिंकली, म्हणून डि मारियास काढणें बरोबर ठरलें काय? आणि हरली असती तर तेंच कृत्य चूक ठरलें असतें काय? मधल्या सामन्यांत दुखापतीमुळें तो जवळजवळ खेळलाच नव्हता. त्याचे पाय आणखी किती चालले असते, हें जवळ उभ्या असलेल्या स्कालोनीस अधिक ठाऊक असणार. त्याच सामन्यांत बदली म्हणून आलेल्या माँतिएलच्या हातास चेंडू लागला आणि फ्रान्सला तिसरा गोल मिळाला. पण शेवटची पेनल्टी मारून विश्वचषक जिंकून देणाराही तोच. त्याला आंत घेणें शहाणपणाचें कीं मूर्खपणाचें? निकाल पाहून मग अक्कल वांटणें सोपें असतें. परीक्षक म्हणून आम्हींही तें पुष्कळ केलें आहे.

परंतु त्या रात्रीं आम्ही यांतलें कांहींच बोललों नाहीं. त्यास कारण होतें.

२००८ सालीं जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेंत आमच्या शाळेचा संघ उतरला होता आणि त्याची धुरा आमच्याकडे होती. सामना बाद पद्धतीचा. हरलें कीं घरीं. आम्ही एका गोलानें पुढें होतों. गोल करणारा मुलगा नववींतला, ऊसतोड कामगाराचा. पायांत दुसऱ्याचे बूट. दहा मिनिटें उरलीं असतां आम्हीं त्यास बाहेर बोलाविलें आणि उंच बांध्याचा एक मुलगा बचावास उभा केला. दोन गोल बसले. आम्ही हरलों. दसऱ्यानंतर त्याचे आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले. त्यांच्याबरोबर तोही गेला आणि पुढें पटावरून त्याचें नांव कमी झालें. सामना जिंकलों असतों तर तो राहिला असता काय? मुकादमाची उचल गोलांनीं फिटत नाहीं, हें आम्हांस कळतें. तरी ती गोष्ट सोळा वर्षें आमच्या मनांत सलत होती.

ओसरीच्या टोकाशीं बसलेला तो हाच. गेल्या आठवड्यांतच टोळी गांवीं परतली होती. मुलास पांचवींत घालून वसतिगृहांत ठेवतां येईल काय, हें विचारावयास तो सायंकाळीं आला, आणि एसटी चुकल्यामुळें राहिला. क्रीडाशिक्षकांनीं सहज विचारलें, "काय रे, तूंही खेळाडू होतास म्हणे. तुझें मत काय?"

"मोठ्या लोकांचं मला काय कळतंय, सर. आम्ही कसे हरलो तेवढं माहीत आहे."

आतां गप्प बसणें आम्हांस शक्य नव्हतें. आम्ही म्हणालों, "तुला बाहेर काढलें, तें आमचें चुकलें."

तो हंसला. "काढल्याचं काही नाही, सर. माझा दम गेलाच होता. पण तुम्ही सारखं घड्याळाकडं बघू लागले. मग गोलकी बघू लागला. मग समदेच तुमच्याकडं बघू लागले, किती राहिलं म्हणून. बॉलकडं कोण बघणार? फडातबी तसंच असतं. ट्रक भरायचा टाइम झाला म्हणून मुकादम घाई करू लागला की कोयता बोटावर येतो."

आम्ही घड्याळाकडे पाहत होतों, हें आम्हांस आजवर ठाऊकच नव्हतें. सोळा वर्षें आम्ही भलत्याच अपराधाबद्दल स्वतःस दोष देत आलों होतों. साहेबांनीं निवलेला चहा एका घोटांत संपविला आणि कोणीही कांहीं बोललें नाहीं.

पुढचा वृत्तान्त थोडक्यांत असा. २९ तारखेस मुंबईंत परतीचा सामना झाला. तोही मुंबईनें दोन-शून्य असा जिंकला. ४ मे रोजीं कोलकात्यास अंतिम सामन्यांत मध्यांतरापूर्वीं मोहन बागाननें गोल केला असतांही मुंबईनें तीन-एक अशी बाजी मारली. या खेपेस चहा विज्ञानशिक्षकांनीं पाजला. कुरकुरत कां होईना, पण पाजला.

जूनमध्यें तो मुलगा वसतिगृहांत आला. बापानें जातांना त्यास पुढें खेळावयास सांगितलें होतें. पण पोराचा ओढा कबड्डीकडे आहे, आणि क्रीडाशिक्षक त्यावर बेहद्द खूष आहेत. आमचा फुटबॉलचा संघ जसा आहे तसाच आहे. सामन्याच्या वेळीं आम्ही मनगटावरचें घड्याळ काढून क्रीडाशिक्षकांच्या हवालीं करतों. किती वेळ उरला हें आम्हीं दोनदां विचारलें, तरी ते सांगत नाहींत.