दीडशेचा आकडा

चिपळूणकडे आमच्या आजोळी पावसाळ्यात तारांवर फांदी पडली की वीज कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. म्हणून मामांनी इन्व्हर्टर बसवला, 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली. पहिल्याच मोठ्या पावसात तीन तासांत सगळं ठप्प. मामा निवृत्त शिक्षक, हिशोब तोंडपाठ. "बारा गुणिले दीडशे, अठराशे. घरातला लोड साडेतीनशे. पाच तास चालायलाच हवी!"

मी क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. बॅटरीच्या जाड लाल वायरीला लावला, तर 34 अँपिअर. बारा व्होल्टला साडेतीनशे वॉट म्हणजे 29 पुरेत. वरचे पाच इन्व्हर्टरच तापण्यात खात होता. "तरी साडेचार तास व्हायला हवेत," मामा लगेच म्हणाले.

मग टॉर्च मारून लेबल वाचलं. ठळक 150 एएच आणि खाली बारीक अक्षरांत 'सी20, 27 अंश'. मेख तिथेच होती. ही बॅटरी 7.5 अँपिअरने, सावकाश 20 तास वापरली, तर 10.5 व्होल्टवर येईपर्यंत दीडशे देते. 34 ने ओढली की प्लेटच्या छिद्रांतलं आम्ल संपतं, बाहेरचं आत झिरपायला सवड मिळत नाही, व्होल्टेज लवकर घसरतं आणि इन्व्हर्टर बंद होतो. शिसे-आम्ल बॅटरीची ही खोड पॉयकर्ट नावाच्या जर्मन संशोधकाने 1897 मध्येच सूत्रात बसवली होती. त्यात आमचे आकडे घातले तर सव्वातीन तासांच्या आसपास उत्तर येतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता, मोघम बोलला होता. धंद्यात तेही सोयीचंच.

मामांना सूत्र फारसं पटलं नाही. पण बंद पडल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी सहज बटण दाबलं, तर दिवे लागले, थोडा वेळ का होईना.

"म्हणजे संपली नव्हती, दमली होती," मामी म्हणाली. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पुढे तिन्ही जुने पंखे काढून बीएलडीसी लावले, टीव्ही इन्व्हर्टरवरून हटवला. लोड 120 वॉटवर, करंट 12 अँपिअरवर आला. करंट तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वरच, वेळ मात्र जवळजवळ साडेतीनपट! कागदावर अकरा तास होतात. अख्खी रात्र निघते, एवढं बास.

यंदा शेजाऱ्यांना सोलरसाठी बॅटरी हवी होती, मामा सोबत गेले. तिथल्या एका बॅटरीवर 150 पुढे सी10 होतं, म्हणजे 15 अँपिअरने 10 तास. वजनाला जड, भावाला चढी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, दोन्ही दीडशेच, काही फरक नाही."

"मग ही महाग का?" मामांनी विचारलं. पोराने आतल्या मालकाला हाक मारली.