मोह आवरलेला इंग्रज

आपण इंग्रज आहोत हे ठणकावून सांगायला इंग्रजांच्या संगीत रंगभूमीला पुन्हा पुन्हा बाहेरची माणसं लागली आहेत. १७२८ मध्ये जॉन गे यांनी इटालियन ऑपेराची टर उडवत ‘बेगर्स ऑपेरा’ रचला. चोर, तुरुंगाधिकारी, रस्त्यावर गुणगुणल्या जाणाऱ्या चाली. सगळं अस्सल लंडन. संगीताची बांधणी मात्र बर्लिनमध्ये जन्मलेल्या संगीतकार पेपुश यांची मानली जाते. (यातला दरोडेखोर मॅकहीथ पुढे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या हाती लागला आणि तिथून पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त येऊन मराठीतही गायला.)

मी अडकतो तो गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या १८७८ च्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ या विनोदी ऑपेरापाशी. कप्तानाच्या मुलीला पळवून नेताना एक साधा खलाशी पकडला जातो आणि बचाव म्हणून आपलं इंग्रजपण पुढे करतो. मग सगळे मिळून त्याची वाहवा करतात: रशियन, फ्रेंच, तुर्की व्हायची संधी असूनही गड्यानं मोह आवरला आणि इंग्रजच राहिला! जन्माच्या योगायोगाला कर्तृत्व मानणाऱ्यांना शब्द लिहिणाऱ्या गिल्बर्टनं मारलेला हा टोला. पण चाल सलिव्हनची, आयरिश बापाच्या मुलाची. चर्चमधली स्तोत्रं रचणाऱ्या या माणसानं ती इतकी भारदस्त बांधली, की टोला खाणाऱ्यांचीच छाती फुगावी. शब्द हसतात, सूर सलाम ठोकतात. अभिमान आणि थट्टा इतकी एकजीव झालेली मला क्वचितच ऐकायला मिळाली आहे.

स्वतःवर हसण्याच्या या इंग्रजी सवयीचं मी फार कौतुक करत नाही. याच जोडीच्या १८८५ च्या ‘मिकाडो’त इंग्रज अंमलदारांचीच फजिती आहे, पण त्यांना किमोनो नेसवून. १९०७ मध्ये जपानी राजपुत्र लंडनला येणार म्हटल्यावर सरकारनं प्रयोगांवर तात्पुरती बंदी घातली.

‘पिनाफोर’मधलं तेच गाणं १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ चित्रपटात धावपटू हॅरल्ड अब्राहम्सच्या शर्यतींवर वाजतं. लिथुएनियातून आलेल्या ज्यू बापाचा हा मुलगा. केंब्रिजमध्ये शिकूनही त्याला आपलं इंग्रजपण धावून सिद्ध करावं लागतं. देश निवडता येतो ही गिल्बर्टच्या लेखी चेष्टा होती. अब्राहम्सच्या बापानं तो खरोखरच निवडला होता. त्या गाण्याचा इतका नेमका प्रयोग ‘पिनाफोर’च्या रंगमंचावरही झाला नसेल.