शेजारचा डोळा

धातूच्या आकृतींवर रायफलीने नेम धरण्याचा खेळ मूळचा मेक्सिकोचा. जत्रेत बांधलेल्या जिवंत प्राण्यांवर गोळी झाडण्याची जुनी रीत मागे पडली आणि १९४८ साली मेक्सिको शहरात पोलादी आकृतींची स्पर्धा भरली. प्राणी गेले, त्यांची नावे राहिली. मोठ्या रायफलीच्या स्पर्धेत २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर रानडुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० मीटरवर मेंढा उभा असतो. नेमबाजानेही उभ्यानेच नेम धरायचा. टेकू नाही, खांद्याच्या पट्ट्याचा आधार नाही. पाच आकृती, पाच गोळ्या, अडीच मिनिटे. आकृतीला गोळी नुसती लागून भागत नाही, ती बैठकीवरून खाली पडावी लागते.

गोळी सुटते त्या क्षणी रायफल उसळते आणि आपलीच गोळी कुठे गेली हे नेमबाजाला दिसत नाही. म्हणून त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन दुसरा माणूस उभा राहतो. त्याला स्पॉटर म्हणतात. तापल्या जमिनीवरून उठणाऱ्या मृगजळाच्या लाटा कोणीकडे कलतात यावरून तो वारा ओळखतो. एरवी फसवणारे मृगजळ येथे खरे बोलते. मागच्या मातीच्या बांधावर उडालेली धूळ पाहून तो घड्याळाच्या भाषेत सांगतो : एक वाजता, पाठीच्या वर. मात्र त्याआधी नेमबाजाने आपला नेम कुठे होता ते सांगायचे असते. दोघांचे जुळले तर चूक हाताची. न जुळले तर वाऱ्याची किंवा दुर्बिणीच्या मोजणीची.

अशाच एका मैदानावर एक तरुण आणि त्याचा वयस्क स्पॉटर उभे होते. डावीकडून तीन मेंढे पडले. प्रत्येक वेळी गोळीमागून दोनएक सेकंदांनी पोलादाचा नाद परत येई. चौथ्या गोळीला नाद आला नाही.

“मध्यावर होता,” तरुण म्हणाला.

वृद्ध क्षणभर गप्प राहिला. वाऱ्याचा अदमास घेण्यासाठी त्याने नेमकी त्याच वेळी दुर्बीण अलीकडच्या हवेवर फिरवली होती. अंदाजाने काही सांगता आले असते. चाळीस वर्षांच्या अनुभवाला ते शोभलेही असते.

“मला दिसले नाही,” तो म्हणाला.

तरुणाने नेम बदलला नाही. पाचवी गोळी सुटली. मेंढा उभाच राहिला.

“तीन वाजता, मागच्या पायाबाहेर. वारा फिरला आहे. हे मी आधीच सांगायला हवे होते.”

गुण तीनच राहिले. तरुणाचा चेहरा उतरला होता, तरी तो रागावून काही बोलला नाही. पुढच्या पाळीची हाक आली तेव्हा त्याने तिवई उचलली आणि पुन्हा आपल्या उजव्या हाताला, त्याच माणसासाठी मांडली. त्या माणसाचे ‘दिसले नाही’ त्याने ऐकले होते. आता त्याच्या ‘दिसले’वर डोळे मिटून विसंबता येणार होते.