प्लगवरचा आळ

नशिराबाद हे जळगाव आणि भुसावळच्या दरम्यानचं महामार्गावरचं गाव. पूर्वी हा सहा नंबरचा हायवे होता, आता त्याचा नंबर त्रेपन्न झाला. हायवे आला की गॅरेज आलं, आणि गॅरेज आलं की तिथं आमच्या मोहल्ल्यातली पोरं आलीच. शाळा सुटली की उस्तादाच्या हाताखाली पाना धरायचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात लिहिलं, की मुसलमान कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर जगतात आणि वाहनदुरुस्तीत त्यांचा वाटा मोठा आहे. आकडा नोंदला गेला. त्या हातांना काय येतं, हे मात्र कुणी लिहिलं नाही. म्हणून आम्ही स्पार्क प्लगविषयी लिहायला बसलो.

जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर मिसिंग मारू लागली, की मालक बोनेट उघडायच्या आधीच निकाल देतो, "मिस्त्री, प्लग गेले. चारही नवे टाका." प्लग बिचारा बाहेरून दिसतो, स्वस्त असतो, दोन मिनिटांत निघतो. म्हणून पहिला आळ त्याच्यावर. आमचे उस्ताद म्हणायचे, "पहले पूछ, फिर बदल."

पुसायचं कसं? इंजिन हळू चालू ठेवायचं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहायची. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही, तर तोच झोपलेला. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात टाकायचा आणि शेजारचा इथं. मिसिंग प्लगबरोबर गेलं, तर दोष प्लगचा. मिसिंग जागेवरच राहिलं, तर प्लग सुटला. मग वायर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, व्हॉल्व्ह यांच्याकडे वळायचं. पावसाळ्यात झाकणाला केसाएवढी चीर असली, तर अंधारात तिथून ठिणगी पळताना दिसते.

त्यानंतर प्लगचं तोंड वाचायचं. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. सुकी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जातं आहे: चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर धुळीने भरला असेल. खानदेशात उन्हाळ्यात ही धूळ काही कमी नसते. ओलसर, तेलकट काळं असेल, तर ऑइल वर चढतं आहे. अशा वेळी नवा प्लग टाकला, तर तोही थोड्याच दिवसांत तसाच काळा होतो, कारण आजार पिस्टनच्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडचा आहे. पांढरा, भाजल्यासारखा दिसला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आहे किंवा टायमिंग पुढे गेलं आहे. आणि प्लगमधली फट फिलर गेजने मोजायचीच. या गाड्यांना ती साधारण ०.६ मिलिमीटर लागते.

मे महिन्यात आणखी एक प्रकार होतो. गाडी तापली की बंद पडते, तासाभराने आपोआप चालू होते. मालक पुन्हा प्लगच म्हणतो. आम्ही आधी पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतो. गाडी चालू झाली, तर पेट्रोलची वाफ अडली होती. नाहीच झाली, तर कॉइल आणि कंडेन्सर तपासायचा.

आता या वाचनात नवी अडचण आली आहे. शिशाचं पेट्रोल २००० साली देशातून गेलं, तेव्हा प्लगचे रंग बदलले. आता २०२५ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. नवी गाडी ते ओळखून पेट्रोल वाढवते, कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळे धडधाकट प्लगही पूर्वीपेक्षा फिका दिसू शकतो आणि जुने रबरी पाइप लवकर खराब होतात. उस्तादांनी शिकवलेला रंग डोळे मिटून लावला, तर निदान चुकेल.

कुठं काही बिघडलं की पहिलं बोट कुठं वळतं, हे आमच्या मोहल्ल्याला सांगावं लागत नाही. "पंक्चरवाले" हा शब्दही आम्ही शिवीसारखा वापरलेला ऐकला आहे. त्यावर भांडण्यापेक्षा आम्हाला वाटतं, की आळ घेण्याआधी जागा बदलून पाहायची, ही जी रीत गॅरेजातलं नववी नापास पोरगं रोज पाळतं, ती शहाण्यांनीही शिकावी.

ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हौशी लोकांच्या दारात थोड्या गाड्या उरल्या आहेत. उस्तादांचं सगळं तोंडी होतं, घरच्या उर्दूत आणि गिऱ्हाइकाच्या मराठीत. ते त्यांच्याबरोबर जाऊ नये, म्हणून आम्ही पोरांना एक वही घालून दिली आहे. गाडी कोणती, तक्रार काय, कोणता सिलिंडर, प्लगचा रंग, आणि शेवटी सापडलेलं कारण. पोरं मराठीत लिहितात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करतात, पण खरं लिहितात. त्या वहीत बऱ्याच पानांवर शेवटची ओळ एकच आहे: प्लग साफ केला, जुनाच परत बसवला.