बोडीच्या दगडांतील रहिवासी

कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पूर्वेस, सुमारे ८,४०० फूट उंचीवर, बोडी नावाचे ओसाड गाव आहे. शेवटचे तीन मैल रस्ता कच्चा. १८५९ साली येथे सोने सापडले, १८८० च्या सुमारास वस्ती काही हजारांवर गेली, आणि सोने आटताच माणसे उठून गेली. प्रवासी रिकामी घरे पाहून परततात. आम्हांस मात्र खाणींतून उपसलेल्या टाकाऊ दगडांच्या ढिगांनीच खिळवून ठेवले.

त्या ढिगांत पिका राहतो. हा सशाच्या गोत्रातला, पण कान वाटोळे, शेपूट दिसतच नाही, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. आपल्या हिमालयातही त्याचे भाऊबंद आहेत. तो हिवाळा झोपून काढीत नाही. म्हणून उन्हाळाभर गवत तोडून दगडांत गंजी रचतो आणि बर्फ पडल्यावर तीच खातो. प्रत्येकाची हद्द वेगळी, तरी शेजाऱ्याच्या गंजीवर डल्ला मारणारेही असतातच! थंडीचे त्यास भय नाही. ऊन मात्र सोसत नाही. दुपारी तो दगडांच्या गारव्यात दडतो.

हे ढीग म्हणजे जणू बेटे, आणि मध्ये झुडपांचा कोरडा माळ. अँड्र्यू स्मिथ यांनी १९७२ साली येथील ढीगन्‌ढीग तपासला व पुढे कित्येक वर्षे ती मोजणी चालविली. लहान ढिगावर दोनचारच जीव. एखादा वाईट हंगाम आला की ढीग रिकामा होतो. मग हद्द न मिळालेले शेजारचे पिलू माळ ओलांडून येते व ढीग पुन्हा वसतो. परंतु अंतर तीनशे मीटरांपलीकडे गेले की ही ये-जा दुर्मीळ होते.

दक्षिणेकडे नेमके हेच झाले. १९९० च्या आगेमागे तेथील ढीग एकामागून एक ओस पडले. उत्तरेकडील वसाहत मात्र टिकली. दगड तेच होते, चाराही होता. पिले धाडणारे शेजारी तेवढे उरले नाहीत. काहींनी वाढत्या उष्णतेस बोल लावला. स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली आकडे तपासून सांगितले की, उष्ण वर्षांत ढीग अधिक रिकामे झाले असे दिसत नाही. त्यांच्या मोजणीपुढे आम्ही काय बोलावे? तथापि उष्णतेस अगदी निर्दोष ठरविणे आम्हांस जड जाते. ढिगावरचा पिका सावलीत शिरतो. माळावर निघालेल्या पिलास मात्र एखाद्या झुडपाखेरीज आडोसा नाही.