वर्ष वाया गेलं म्हणजे काय गेलं?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की खापर ठरलेल्या दोन ठिकाणी फुटतं: मोबाइलवर, नाहीतर ‘आजकालच्या पोरांच्या नाजूकपणावर’. मनोविकारशास्त्राची अभ्यासक म्हणून मला ही दोन्ही उत्तरं फार सोयीची वाटतात, कारण त्यांत कॉलेजच्या वेळापत्रकाला कुणी हात लावत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. २००१मध्ये देशाचा आकडा ५,४२५ होता. मधल्या काळात शिकणाऱ्यांची संख्याही खूप वाढली, तेव्हा नुसती तुलना फसवी ठरेल. तरी २०२२चा आकडा लहान होत नाही.

यावर आक्षेप येतो, की आजार व्हायचा त्याला होणारच, त्यात कॉलेजचा काय दोष? आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. रोनाल्ड केसलर यांच्या २००५च्या अमेरिकी पाहणीनुसार आयुष्यात मनोविकार होणाऱ्यांपैकी तीनचतुर्थांश जणांचा आजार चोविशीच्या आत सुरू झालेला असतो. म्हणजे पदवीची वर्षं आणि आजार सुरू होण्याची वर्षं बरीचशी एकच. नैराश्यात झोप बिघडते, लक्ष लागत नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही. ही लक्षणं आपल्या दप्तरात कशी नोंदली जातात? हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, सबमिशन अपूर्ण, टर्म नामंजूर. मग केटी (राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं), पुढे वायडी (वर्षच वाया), वसतिगृहातली जागा धोक्यात, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न. सेमिस्टरला शिकवण्याचे दिवस नव्वदच्या आसपास. औषधांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. बरं होत असलेलं पोरही त्या गणितात नापासच होतं. आजार त्याचा असला, तरी त्यातून परत येण्याची वाट बुजवतो आपण.

वाट मोकळी केली तर फरक पडतो का? तामिळनाडूत चेन्नईच्या ‘स्नेहा’ या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी नापासांना वर्ष न गमावता लगेच पुन्हा परीक्षा देता यावी म्हणून पाठपुरावा केला, आणि ती सोय आल्यानंतर तिथे परीक्षेतल्या अपयशामुळे होणाऱ्या आत्महत्या घटल्या. महाराष्ट्रानेही २०१५पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला सुरुवात केली. ‘अशाने दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांनी पाहावं, की पेपर सोपा झाला नाही, फक्त तारीख जवळ आली. राहिला समुपदेशकांचा मुद्दा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं. तो हवाच; आज ज्याला बोलायची निकड आहे त्याच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो. पण समुपदेशकाला टर्म मंजूर करता येत नाही. परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तर लेखनिक मिळतो, त्यासाठी छापील अर्ज असतो. नैराश्याचं प्रमाणपत्र कॉलेजच्या खिडकीवर आलं, तर त्यासाठी कोणता अर्ज पुढे करायचा?